बोरीबंदरची कामाची वही

प्रकल्प: जुनी रेल्वे स्टेशनं आणि हरित नूतनीकरण, अभ्यास-अहवाल. मुख्य इमारत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), तुलनेला भायखळा. माणसं: मी (जतनकाम), सहकारी (विद्युत), एक इंटर्न, आणि लागेल तेव्हा मिस्त्री.

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

काम सुरू. आपल्याला काही बांधायचं नाही, फक्त बघून, मोजून, वाचून लिहायचंय. प्रश्न सोपा दिसतो: वारसा यादीतलं स्टेशन रोजच्या लोकल-मेट्रो-बसच्या रगाड्यात वापरत असताना वीज, पाणी आणि साहित्य कुठे वाचवता येईल? इंटर्नने पहिल्याच सकाळी सौर पॅनेलचे तीन कॅटलॉग टेबलावर ठेवले. म्हटलं, राहू देत तिथंच, आधी इमारत बघू.

मूळ माहिती एकदाच लिहून ठेवते, पुन्हा पुन्हा नको. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, ३४ किलोमीटर. आत्ताची इमारत त्यानंतरची: वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम १८७८ ते १८८८, खर्च सुमारे १६ लाख रुपये. २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. फलाट १८, त्यातले ७ लोकलचे. आणि गेल्या गुरुवारपासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण धावतेय, म्हणजे या सगळ्याच्या पोटाखाली आणखी एक स्टेशन उघडलंय. अहवालाची वेळ त्यामुळे बरी साधली आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ऑक्टोबर हीट. दुपारी मुद्दाम गेलो, कारण इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे आणि खरी परीक्षा तेव्हाच होते.

बाहेर डी. एन. रोडच्या फुटपाथवर उभं राहवत नव्हतं. कमानींच्या आत चार पावलं टाकली आणि फरक कळला. जादू काही नाही. ऊन मुख्य भिंतीवर पडतच नाही, ते पुढच्या ओवरीच्या खांबांवर आणि कमानींवर अडतं. मागची भिंत जाडजूड दगडाची, ती तापायलाच संध्याकाळ उजाडते. वर छत इतकं उंच की गरम हवा माणसाच्या डोक्यापासून लांब जाऊन बसते आणि वरच्या झडपांतून निघून जाते. स्टीव्हन्सला कुणी हरित मानांकन देणार नव्हतं. वीज नव्हती, म्हणून त्याने हे केलं.

लोकलच्या तिकीट हॉलमध्ये, म्हणजे स्टार चेंबरमध्ये, बराच वेळ थांबलो. वर चांदण्या काढलेलं छत, खाली इटालियन संगमरवर. रांगेतल्या कुणाचंही वर लक्ष नाही, आणि तसंच असायला हवं. इंटर्न मात्र मान वर करून उभी होती, तिला दोनदा धक्का बसला.

जुन्या सरकारी इमारतींत सर्रास दिसणारा प्रकार अहवालात सर्वसाधारण म्हणून लिहायचा: उंच छताखाली आणखी एक खोटं छत ठोकतात, झडपा बंद होतात, खोली कोंदट होते, मग वातानुकूलन यंत्र येतं, त्याचं बाहेरचं खोकं ओवरीत लटकतं आणि ओवरीच तापते. पुढच्या खोलीत तेच. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या खिडकीत. खोटं छत काढणं ही हरित नूतनीकरणातली सर्वांत स्वस्त कृती असावी, आणि कुठल्याच कॅटलॉगमध्ये ती मिळत नाही. खोलीत माणसं बसणारच असतील आणि एसी लागणारच असेल, तर निदान झडपा उघड्या ठेवून मोठा, सावकाश फिरणारा पंखा आधी लावून बघावा. तसे पंखे मोठ्या स्टेशनांच्या हॉलमध्ये आता दिसायला लागलेत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वारसा इमारतीच्या दगडाला आपण हात लावू शकत नाही, परवानगीचा प्रश्नच नाही. म्हणून मिस्त्रींना ऑफिसच्या गच्चीवर बोलावलं आणि नमुन्याची भिंत केली. पडक्या घरांतून मिळालेले दगड, निम्म्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या, निम्म्या चुन्याने.

चुना मिस्त्रींनी आधीच विरवून, चाळून डब्यात पाण्याखाली ठेवला होता. त्यात वाळू, सुरखी (विटांची भुकटी), थोडं गुळाचं पाणी. हिरडा घालायचा का यावर त्यांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं जुनं भांडण आहे, ते गच्चीवरही झालं. मळून झाल्यावर त्यांनी थापीवर गोळा घेतला आणि थापी उलटी केली. गोळा क्षणभर लटकला आणि सुटला. “हां, आता झाला,” म्हणाले. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येईल, पण साइटवर हीच चाचणी चालते.

मी विचारलं, लोक सिमेंटच का वापरतात मग? “ताई, सिमेंटचं पोतं आणलं की संध्याकाळी दर्जा भरून माणूस मोकळा. चुन्याला आठवडाभर गोणपाट भिजवत बसायचं. त्याची मजुरी कोण देणार?”

हे उत्तर अहवालात जसंच्या तसं घालायचं. चुन्याचं काम महाग नसतं, लांबतं. निविदेत दिवस मोजले जातात आणि भिजवण्याची मजुरी वेगळी धरलेली नसते, म्हणून सिमेंट जिंकतं.

दगडाच्या बाजूने बघायचं तर: सीएसएमटीत मालाडचा पिवळसर दगड आहे आणि कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडीचा. असे मऊ, सच्छिद्र दगड पावसाळ्यात ओल पितात आणि नंतर सोडतात. दर्ज चुन्याची असेल तर ओल दर्जेतून बाहेर पडते. दर्ज सिमेंटची असेल तर वाट बंद, ओल दगडातून निघते, जाताना क्षार मागे ठेवते आणि नक्षीचा पापुद्रा सुटतो. खराब व्हायचंच असेल तर दर्ज व्हावी, ती पुन्हा भरता येते. जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्या काळात कोरलेलं पान पुन्हा कोण कोरणार?

कार्बनचा हिशेबही इथेच. टनभर सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुना भाजतानाही जातो, पण भिंतीत बसल्यावर चुना घट्ट होतो तोच मुळी हवेतला तो वायू परत ओढून. सगळा नाही, काही भाग.

दिवाळी. आठवडाभर वही बंद.

२७ ऑक्टोबर, सोमवार

भायखळा. १८५३ च्या पहिल्या प्रवासापासूनचं हे स्टेशन, दगडी इमारत १८५७ ची. सीएसएमटीच्या मानाने बुटकी, साधी, उतरत्या कौलांची. माझा जीव तिच्यावर जास्त आहे, हे अहवालात दिसू द्यायचं नाही.

इथलं जतनकाम २०२२ मध्ये पूर्ण झालं: ‘आय लव्ह मुंबई’ ही संस्था, बजाज समूहाच्या न्यासाचा पैसा, वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कार मिळाला. कामाचा गाभा उलट्या दिशेचा होता: नंतरच्या काळात चढलेले थर आणि जोडकामं उतरवायची, खालचं दगड-लाकूड उघडं करायचं. नवीन जे घातलं ते हात राखून.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हे सगळं स्टेशन चालू असताना झालं. मुंबईत स्टेशन बंद ठेवून काम करणं ही कल्पनाच नाही. रविवारचा मेगाब्लॉक आणि रात्री शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंतचे काही तास, एवढीच सवड. त्या तासांत परांची बांधायची, काम करायचं, सकाळी प्रवाशांना वाट मोकळी द्यायची. चुना सावकाश घट्ट होतो आणि लोकल थांबत नाही, या दोन वेळापत्रकांचा मेळ कसा बसवायचा यावर स्वतंत्र पान हवं.

फलाटावर बाकावर बसून चहा. शेजारचे काका विचारत होते, “सर्व्हे का? पुन्हा पाडणार आहेत का?” नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अवकाळी. छत्री न घेता गेलेलो, पण या पावसाने आमचं काम फुकटात केलं.

सीएसएमटीच्या दगडी पन्हळी बघायला कोण जातं? आज बघितल्या. भिंतीतून बाहेर झेपावलेले प्राणी शोभेला नाहीत, छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला आहेत. जिथे पन्हळ वाहते तिथे खालची भिंत कोरडी. पन्हळ तुंबली की पाणी नक्षीवरून ओघळतं आणि तिथेच शेवाळ. पिंपळाचं रोपटंही अशाच सांध्यात उगवतं. मुळं दगड उचलायला लागण्याआधी ते उपटलं पाहिजे, म्हणजे पावसाळ्याआधी एक माणूस, एक शिडी, एक झाडू. वार्षिक देखभालीच्या तक्त्यात ही ओळ सौरऊर्जेच्या वर टाकणार आहे.

पाणी साठवण्याचा हिशेब संध्याकाळी मांडला. दक्षिण मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. १,००० चौरस मीटर छपरावर २,००० मिलिमीटर म्हणजे २० लाख लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता १६ लाख तरी हाती. ऐकायला छान. पण हे सगळं चार महिन्यांत येतं, तेही चार-दोन दिवसांत धो-धो. एवढी टाकी कुठे खोदणार? आणि जमिनीत जिरवणं हा भाग फोर्टात फारसा कामाचा नाही, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि खाली पाणी आधीच वर आलेलं. तेव्हा मध्यम टाकी, पावसाळाभर स्वच्छतागृहं आणि फलाट धुण्यासाठी तेच पाणी, आणि उरलेले आठ महिने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा तेच काम. पिण्याच्या पाण्याने फलाट धुणं थांबलं तरी खूप.

३ नोव्हेंबर, सोमवार

विद्युत सहकाऱ्याबरोबर सौरऊर्जेची बैठक. बैठक म्हणजे भांडण.

त्याचं म्हणणं: टर्मिनसला फलाटांवरची शेड आहेत, सपाट, लांबलचक, वारसा इमारतीच्या मागे. त्यावर पॅनेल टाका, दर्शनी भागाला धक्का नाही. मला मान्य आहे. स्टीव्हन्सच्या उतरत्या छपरांवर आणि घुमटाच्या आसपास मात्र एकही पॅनेल नको. वर मशाल आणि चाक धरलेली प्रगतीची मूर्ती आहे, तिच्या पायाशी काळ्या काचा कुणाला हव्यात?

आकडे: एक किलोवॅट पॅनेलला सुमारे १० चौरस मीटर जागा धरायची, मुंबईत त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट. पावसाळ्यात आकडा घसरतो. त्याने तक्ता केला, तक्ता चांगला आहे. मी एकच गोष्ट जोडायला लावली: धूळ. रेल्वेच्या शेडवर साधी धूळ नसते. ब्रेक आणि चाकांतून उडणारा लोखंडाचा तांबूस कीस असतो, वर कबुतरं. पॅनेल महिन्यातून किती वेळा धुणार, कोण धुणार आणि खाली २५,००० व्होल्टची तार असताना तो माणूस कुठे उभा राहणार? याचं उत्तर नसेल तर पॅनेल दोन वर्षांत शोभेचं होतं.

परदेशातलं एक उदाहरण तो घेऊन आला, ते खरंच चांगलं आहे. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स स्टेशनचे फलाट थेम्सवरच्या १८८६ च्या रेल्वेपुलावर आहेत, म्हणजे आपल्या इमारतीच्याच वयाचा पूल. त्यावरच्या नव्या छपरावर ४,४०० पॅनेल बसवली, स्टेशनच्या गरजेची निम्म्यापर्यंत वीज त्यातून येते असा तिथला दावा. छप्पर नवीन, पूल जुना, दोघांची गल्लत नाही. आपल्याकडे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने सीएसएमटीला सुवर्ण मानांकन दिलेलंच आहे, त्यातही सौर पॅनेल आणि एलईडी दिव्यांचे गुण आहेत. मानांकनाशी माझं वैर नाही. पण उघडी ठेवलेली झडप आणि सावलीतली ओवरी अशा तक्त्यात नव्या उपकरणाइतकी उठून दिसत नाही, ही माझी तक्रार आहे. सहकारी म्हणतो, “मग तू तुझा तक्ता काढ ना.” काढतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळा दिवस चालणं. अहवालाचा मणका आज सापडला असं वाटतंय.

स्टेशन किती वीज वापरतं यापेक्षा, ते किती माणसांना गाडी-टॅक्सी विसरायला लावतं हे जास्त महत्त्वाचं. बारा डब्यांची लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून जास्त माणसं आणून ओतते. त्यांना पुढे मंत्रालय, नरिमन पॉइंट, कुलाबा, चर्चगेट. पर्याय: बेस्टची बस, शेअर टॅक्सी, पाय आणि आता मेट्रो. हा पुढचा तुकडा त्रासाचा असेल तर ज्याला परवडतं तो घरूनच गाडी काढतो. मग शेडवर कितीही पॅनेल लावा.

म्हणून चाललो. मेट्रोतून वर, भुयारी मार्गात, मोबाइलच्या कव्हरांचे आणि बेल्टचे स्टॉल दोन्ही अंगाला, तिथून पायऱ्या चढून स्टेशनात. उलट दिशेने पुन्हा. मग रस्त्यावरून. मग स्टेशनबाहेरच्या हिमालय पादचारी पुलावरून. तो पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला होता, सात जीव गेले. २०२३ मध्ये नवा झाला. मधली चार वर्षं ती सगळी माणसं खालून रस्ता ओलांडत होती, आणि तेव्हा जवळच्याच वारसा इमारतीतले दिवे एलईडी आहेत की नाहीत याने त्यांना काडीचा फरक पडत नव्हता.

भुयारी मार्गाच्या पायऱ्यांशी एक काकू भेटल्या. कोल्हापूरची गाडी, हातात एक बॅग, दुसरी चाकांची.

“अगं, सरळ जाता येतं का कुठून? पायऱ्या नकोत.”

“गाडी कुठल्या फलाटावरून आहे काकू?”

“ते लिहिलंय की कुठंतरी. पण आधी वर तर पोचू दे!”

बॅग इंटर्नने उचलली. काकूंनी वर पोचेपर्यंत तिला लग्न झालंय का, पगार किती, सगळं विचारून घेतलं.

तांत्रिक भाग. तीन काळ इथे तीन पातळ्यांवर आहेत: १८८८ ची जोती रस्त्याच्या पातळीला, भुयारी मार्ग त्याच्या खाली, मेट्रो आणखी खाली. आणि तिन्हींचे मालक वेगळे: रेल्वे, महापालिका, मेट्रो. प्रत्येकाच्या नकाशात दुसऱ्याच्या हद्दीत पांढरा कागद असतो. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस नेमका त्या पांढऱ्या कागदावर अडकतो. तिन्ही नकाशे एका कागदावर आणून, पायरी न लागणारी एक सलग वाट आखणं, हे काम सगळ्यांत वर.

वारसा इमारतीत उतार कसा करायचा? दगडी जोते फोडायचे नाहीत. पोलादी उतार, स्वतःच्या वजनावर उभा, दगडात एकही बोल्ट नाही. उद्या दुसरी सोय झाली की उचलून नेता येईल, खाली जोते होते तसे. फलकांचंही तेच: भिंतीला भोक पाडून पाटी नको, खांबावर पाटी. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि अक्षरं चालत्या माणसाला वाचता येतील एवढी मोठी. काकूंना फलाट क्रमांक शोधायला थांबावं लागू नये.

पी. डिमेलो रोडच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला पुनर्विकासाचं काम आहे, कंत्राट सुमारे २,४५० कोटींचं. येणारे-जाणारे प्रवासी वेगळे करणं आणि मेट्रो-बस-लोकल जोडणं हे त्याच्या उद्दिष्टांत आहेच. नव्या बाजूला उतार-लिफ्ट होतील यात शंका नाही. माझी काळजी जुन्या बाजूची: लोकलचा प्रवासी पश्चिमेकडूनच येतो-जातो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

छोटी नोंद, विषय गाडीची वीज. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, १,५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज). म्हणजे यंदा शंभरी. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचा मुंबईतला उपनगरी मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत वाहणारी वीज) आला. नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरचंच जनित्र करतात आणि वीज तारेत परत ढकलतात. डीसीत ती वापरायला जवळपास दुसरी गाडी लागायची, एसीत ती पुढे पाठवणं सोपं. स्टेशनच्या हरित हिशेबात हे कुणी धरत नाही कारण ते दुसऱ्या विभागाच्या वहीत. एक परिच्छेद पुरे.

१ डिसेंबर, सोमवार

गच्चीवरची भिंत बघितली. चुन्याच्या दर्जा नखाने खरवडल्या तर अजून पांढरी भुकटी निघते, सिमेंटच्या कडक. इंटर्नचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, “पोरी, पुढच्या दिवाळीला ये.” भिंत ठेवायची, पावसाळा बघू द्यायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती भिंत गच्चीवर नको आहे, त्यांच्याशी मी बोलते.

११ डिसेंबर, गुरुवार

मसुदा. क्रम असा लावला: सलग वाट आणि सावली पहिल्यांदा. मग पन्हळी, झडपा, खोटी छतं, म्हणजे काढायची आणि साफ करायची कामं. मग चुना, निविदेत भिजवण्याची मजुरी वेगळी धरून. मग पाणी. सौर पॅनेल पाचव्या क्रमांकावर, फक्त फलाटांच्या शेडवर, धुण्याची व्यवस्था आधी ठरली तरच.

सहकाऱ्याला पाचवा क्रमांक पटलेला नाही. त्याचं म्हणणं, पैसे देणारा पहिलं पान वाचतो आणि पहिल्या पानावर युनिटचा आकडा लागतो, पायऱ्यांचा नकाशा नाही. त्यात तथ्य आहे. तरी पहिल्या पानावर नकाशाच ठेवलाय, त्याचा तक्ता तिसऱ्या पानावर रंगीत छापायचं कबूल केलं.

बाकी: तिन्ही यंत्रणांचे नकाशे एका प्रमाणात आणणे (इंटर्न), चुन्याच्या नमुन्याचा प्रयोगशाळा अहवाल आणणे (मी), शेडच्या मोजमापांची पुन्हा तपासणी (सहकारी). सोमवारी सकाळी दहाला बसायचं.